बालकाचा त्रागा : त्याची कारणे व शिक्षकाचे कर्तव्य

शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस लोटलेले असतात. बाहेर पावसाची भुरभुर चालू असते. पहिलीच्या वर्गातील मुले दोऱ्यात मणी ओवीत बसलेली असतात. इतक्यात घंटा होते, गुरुजी ‘आता मणी ठेवा’ असे सांगतात, आणि एक मुलगा एकाएकी जमिनीवर अंग टाकतो. तो हातपाय झाडतो, मण्यांची वाटी भिरकावतो, जवळ येणाऱ्यास लाथ मारतो, आणि त्याचे भोकाड शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू जाते. काही मुले भेदरून पाहत राहतात, काही हसतात, तर एक-दोघांचे ओठ रडू फुटण्याच्या बेतात येतात. असा प्रसंग ज्याच्या वर्गात कधीच घडला नाही, असा प्राथमिक शिक्षक विरळा.

अशा वेळी बहुधा दोन उपाय योजले जातात. एक धाकाचा व दुसरा आमिषाचा. काही शिक्षक डोळे वटारतात, दंड धरून मुलास उभे करतात. काही जण गोळी देऊन किंवा मणी पुन्हा हातात देऊन सुटका करून घेतात. हे दोन उपाय वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की, मूल हे सारे जाणूनबुजून करीत आहे, आणि त्यास वाटले तर ते याच क्षणी थांबवू शकेल. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. हट्ट, रुसवा आणि त्रागा

मुलांच्या वागणुकीचे बारकावे मराठी भाषेने चांगले टिपले आहेत. हट्ट, रुसवा व त्रागा हे तीन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत भेद आहे. हट्टाला एक वस्तू लागते. मुलास फुगा हवा असतो, आणि तो मिळाला की हट्ट संपतो. रुसव्याला एक माणूस लागते. ज्याने समजूत काढावी अशी इच्छा असते, त्याच्याकडे पाठ करून मूल कोपऱ्यात बसते व तो येतो की नाही हे हळूच पाहते. त्राग्याला मात्र पुष्कळदा यांपैकी काहीच लागत नाही. त्राग्याच्या भरात असलेल्या मुलाला मागितलेली वस्तू दिली तरी ते ती फेकून देते. जवळ घेतले तर ढकलते. दूर गेले तर अधिकच मोठ्याने रडते.

पूर्वी गुजरात-काठेवाडकडील भाट-चारण लोक स्वतःच्या देहाला इजा करून प्रतिपक्षावर दोष आणीत, त्या प्रकारास त्रागा म्हणत. त्या त्राग्यात हेतू होता, योजना होती. बालकाच्या त्राग्यास नाव तेच असले तरी त्यात सुरुवातीस योजना नसते. हट्ट करणारे मूल आपल्या मनाचा स्वामी असते. त्रागा करणारे मूल त्या घटकेपुरते तसे नसते. हट्टाचे रूपांतर त्राग्यात होऊ शकते, आणि वारंवार फळ मिळत गेल्यास त्रागाही पुढे हट्टाचे साधन बनू शकतो. यास्तव समोर काय चालले आहे हे ओळखणे, ही शिक्षकाची पहिली पायरी होय.

२. निरीक्षणातून काय आढळले

बालकांच्या रागाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फ्लॉरेन्स गुडइनफ या विदुषीने केला व तो 1931 साली प्रसिद्ध झाला. तिने मातांना आपल्या मुलांच्या रागाच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवण्यास सांगितले. 45 मुलांचे 1,878 प्रसंग अशा रीतीने तिच्या हाती आले. त्यांवरून असे दिसले की, रागाचे उद्रेक वयाच्या दुसऱ्या वर्षात सर्वांत अधिक असतात व पुढे क्रमाने कमी होत जातात. जेवणाच्या वेळेच्या अगोदर ते वाढतात. मुलाला सर्दी-पडशासारखी लहानशी कुरकुर असली किंवा रात्री झोप नीट झाली नसली, तरीही ते वाढतात. घराघरांतून आया व आज्या जे अनुभवाने सांगत आल्या, त्यास या नोंदींनी दुजोरा दिला.

यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2003 साली, मायकेल पोटेगल व त्यांचे सहकारी यांनी दीड ते पाच वर्षे वयाच्या 335 मुलांच्या त्राग्यांची क्षणाक्षणाची वर्णने पालकांकडून मिळवून तपासली. त्यांतील दोन गोष्टी शिक्षकाने नीट ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट काळाची. सुमारे तीन-चतुर्थांश त्रागे पाच मिनिटांत किंवा त्याहून लवकर आपोआप संपतात. बरेचसे तर एका मिनिटाच्या आतच. दुसरी गोष्ट त्राग्याच्या घडणीची. त्राग्यात राग व दुःख अशा दोन भावना मिसळलेल्या असतात. ओरडणे, लाथा झाडणे, वस्तू फेकणे ही रागाची लक्षणे सुरुवातीलाच शिखरास पोचतात व मग ओसरू लागतात. रडणे, मुसमुसणे व कोणाच्या तरी कुशीत शिरण्याची ओढ ही दुःखाची लक्षणे मागाहून वर येतात. ओढ्याला लोंढा यावा, तो उतरावा आणि मागे गाळ राहावा, तसा हा प्रकार आहे. लोंढ्यात उभे राहून त्यास अडविता येत नाही; तो उतरेपर्यंत काठावर थांबावे लागते. पण तो उतरल्यावर जे मूल मागे राहते, त्याला त्या वेळी माणसाची फार गरज असते.

३. धाकाचा उपाय लागू पडल्यासारखा का वाटतो

वरील पहिल्या गोष्टीवरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. त्रागा जर बहुधा काही मिनिटांत आपोआपच संपणार असेल, तर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला जो उपाय केला जाईल, तोच गुणकारी ठरल्यासारखा दिसेल. एका शिक्षकाने त्या मिनिटाला छडी उगारली, तर ‘छडीवाचून मूल सुधारत नाही’ असे त्यास वाटू लागते. दुसऱ्याने गोळी दिली, तर त्याचा गोळीवर विश्वास बसतो. पाऊस थांबण्याच्या सुमारास कोणी छत्री मिटावी आणि छत्री मिटल्यामुळे पाऊस थांबला असे मानावे, तशातलाच हा प्रकार.

धाकाने मूल कधी कधी तत्काळ गप्प होते, हे खरे आहे. परंतु ते शांत झालेले नसते, भ्यालेले असते. रागाची जागा भीतीने घेतलेली असते. राग आला असता काय करावे, हे ते शिकलेले नसते; उलट, ज्याचे बळ अधिक त्याने दुबळ्यावर हात उगारावा, एवढाच धडा त्यास प्रत्यक्ष पाहावयास मिळालेला असतो. मधल्या सुट्टीत तेच मूल आपल्याहून लहान मुलास मारू लागले, तर त्यात नवल काय?

शिवाय हा प्रश्न आता केवळ मताचा राहिलेला नाही. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमाने, कलम 17 अन्वये, शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. हा अधिनियम दिनांक 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आहे. मुलास वर्गासमोर लाजविणे, त्याची टर उडविणे, ‘रडूबाई’, ‘वेडा’ अशी विशेषणे चिकटविणे, हाही मानसिक छळच होय, याचे भान प्रत्येकाने ठेवले पाहिजे.

४. त्राग्याची कारणे

(अ) *मेंदूची वाढ.* मनुष्याच्या मेंदूत खोलवर असलेली काही केंद्रे भय, राग इत्यादी तीव्र भावनांशी निगडित आहेत. ती जन्मापासूनच बरीचशी कार्यक्षम असतात. कपाळामागील भाग मात्र फार सावकाश परिपक्व होतो. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. थांबणे, वाट पाहणे, एक इच्छा सोडून दुसऱ्या कामाकडे वळणे, मनातील उसळी आवरणे, ही सर्व कामे मुख्यतः या भागाची आहेत. म्हणजे लहान मुलाच्या ठायी बैल जोमदार आहेत, पण कासरा अद्याप वळला जात आहे. त्राग्याच्या वेळी छाती धडधडते, चेहरा लाल होतो, स्नायू ताठरतात, श्वास जलद होतो. अशा स्थितीत मुलास केलेला उपदेश त्याच्या कानांवर पडतो, पण त्याचा अर्थ लावण्याइतके त्याचे मन मोकळे नसते.

(आ) *भाषेची उणीव.* दोन वर्षांच्या मुलाला बोललेले पुष्कळसे समजते. पण स्वतःला मात्र दोन-दोन शब्द जोडूनच बोलता येते. मनात असलेले आणि तोंडाने सांगता येणारे, यांत एवढे अंतर पडले की ते अंतर अंगाने भरून काढले जाते. बोलणे वाढते, तसा त्रागा कमी होतो, तो यामुळेच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पुष्कळ बोलता येते; तरीही ‘मला वाईट वाटले’, ‘मला भीती वाटते’, ‘माझे अर्धे राहिले आहे’ अशी मनाची भाषा त्यास कोणी शिकविलेली नसते. ज्या मुलांच्या घरी वारली, भिली, कोरकू, गोंडी अशी बोली बोलली जाते, त्यांची तर पुस्तकी मराठीच्या वर्गात वाचाच बंद होते. घरी पोपटासारखे बोलणारे मूल शाळेत पुन्हा दोन वर्षांच्या मुलाइतके मुके होते. आणि मग त्याचे वागणेही त्या वयाचे होते. दोष मुलाच्या स्वभावाचा नसून दोन भाषांमधील अंतराचा असतो.

(इ) *स्वत्वाची जाणीव.* दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मुलाला ‘मी’ सापडतो. ‘मी घालणार’, ‘माझे मी’ असे ते म्हणू लागते. अंगरख्याची गुंडी लागत नाही आणि दुसऱ्याने लावलेली खपत नाही, अशा पेचात ते सापडते. ही बंडखोरी नव्हे. पुढे ज्यास आपण स्वावलंबन म्हणून गौरवितो, त्याचा हा कोंब आहे. मारिया माँटेसोरी यांनी 1907 साली रोम येथे बालगृह काढले, तेव्हा मुलांच्या हाताला झेपतील अशी साधने व उंचीला साजेशी आसने त्यांना देण्यावर त्यांनी भर दिला. स्वतःच्या हातांनी काम करावयास मिळाले की मूल त्यात तासन् तास रमते, हे त्यांनी दाखवून दिले. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी आणि महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हाच विचार आपल्या मातीत रुजविला.

(ई) *शरीराची अवस्था.* भूक, झोपेची उणीव, थकवा, जंत, कानदुखी, अंगावरील खरूज, यांपैकी काहीही असले तरी मुलाची सोसण्याची शक्ती कमी होते. पहाटे आईबरोबर उठून केवळ चहा पिऊन शाळेत आलेले मूल अकराच्या सुमारास एखाद्या खडूच्या तुकड्यावरून आकांत करते, तेव्हा खरे कारण खडू नसून रिकामे पोट असते. शाळेतील मध्यान्ह भोजनाचे महत्त्व केवळ पोषणापुरते नाही. वर्गाच्या शांततेशीही त्याचा संबंध आहे.

(उ) *एकाएकी होणारा बदल.* रमलेल्या कामातून एका शब्दासरशी उठणे हे मोठ्या माणसासही रुचत नाही. बालकास घड्याळाची जाण नसते. ‘पाच मिनिटांनी’ या शब्दास त्याच्या लेखी अर्थ नसतो. त्याच्या दृष्टीने घंटा आकाशातून कोसळते. शाळाप्रवेश हा तर याहून फार मोठा बदल. अंगण, शेळी, धाकटे भावंड, आजीची मांडी हे सारे सोडून ते चाळीस अनोळखी मुलांत येऊन बसते. ताराबाई मोडक यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालविली. मुलाने शाळेच्या दिशेने जेवढी पावले टाकावयाची, त्यांतील काही पावले शाळेनेच त्याच्या दिशेने टाकावीत, हे त्यामागील तत्त्व होते.

(ऊ) *फळ मिळाल्याने जडलेली सवय.* ज्या वागणुकीला फळ मिळते, ती टिकते. पण येथे एक बारकावा आहे. नेहमी फळ मिळण्यापेक्षा अधूनमधून फळ मिळाले, तर सवय अधिक चिवट होते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखविले. आठवड्याच्या बाजारात मूल भजी मागते. आई तीन बाजार ‘नाही’ म्हणते. चौथ्या बाजारी मूल लोळण घेते, लोक पाहू लागतात, आणि लाजेस्तव आई भजी घेऊन देते. मुलाने यातून काय शिकावे? ‘नाही’ हा शब्द पक्का नसतो. पुरेसे लोळले की तो विरघळतो. पाचव्या बाजारी ते अधिक वेळ लोळेल. यात मुलाची लबाडी नाही. त्याने आपल्या अनुभवावरून काढलेला तो चोख निष्कर्ष आहे.

५. त्राग्यापूर्वी काय करावे

त्राग्यावरील उत्तम उपचार त्राग्यापूर्वीच करता येतो. काम बदलण्याची सूचना आगाऊ द्यावी, आणि ती मिनिटांत न देता मुलाला मोजता येईल अशा रीतीने द्यावी. ‘आणखी पाच मणी ओवा, मग ठेवायचे’ असे म्हटले की मुलास शेवट दिसू लागतो. प्रत्येक बदलाच्या वेळी एक ठरावीक गाणे किंवा टाळ्यांचा ताल ठेवल्यास तोच शिक्षकाच्या हुकुमाचे काम करतो. अर्धवट राहिलेले काम ठेवण्यासाठी वर्गात एक फळी किंवा टोपली असावी. ‘तुझी माळ येथे ठेवू, उद्या पुढे ओव’ या आश्वासनाने पुष्कळ त्रागे टळतात. मात्र उद्या ती माळ तेथे असलीच पाहिजे.

जेथे शक्य असेल तेथे दोन मान्य गोष्टींतील निवड मुलाकडे सोपवावी. ‘आधी चित्र काढतोस की आधी गोष्ट ऐकतोस?’ एवढ्यानेही त्याच्या ‘मी’चा मान राखला जातो. मुलांना भावनांची नावे शिकवावीत. गोष्ट सांगताना ‘सशाला आता काय वाटले असेल?’ असे विचारावे. मुलाच्या बोलीतील राग, भीती, भूक, तहान, दुखणे यांचे दहा-बारा शब्द शिक्षकाने स्वतः शिकून घ्यावेत; हे काम एका आठवड्याचे आहे, पण त्याचे फळ वर्षभर मिळते. याखेरीज, कोणते मूल कोणत्या वारी, कोणत्या वेळी व कशावरून उसळते, याची साध्या वहीत दोन-तीन आठवडे नोंद ठेवावी. अशा नोंदीतून पुष्कळदा असे दिसते की, ‘कधीही चिडणारे’ मूल वस्तुतः ठरावीक वेळीच चिडत असते.

६. त्रागा चालू असताना

या वेळी शिक्षकाने करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. अवघड आहे ते त्या शांतपणे करणे. प्रथम मूल स्वतःस किंवा दुसऱ्यास इजा करणार नाही, असे पाहावे. जवळची पाटी, दगड, बाक दूर सारावा. ते दुसऱ्यास मारीत असेल, तर हात हळू पण ठामपणे धरून ‘मारू द्यायचे नाही’ एवढेच म्हणावे. नंतर त्याच्याजवळ, त्याच्या उंचीला, खाली बसावे. आवाज चढवू नये. उलट नेहमीपेक्षा खाली आणावा. ‘का रडतोस?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर त्यास ठाऊक नसते. उपदेश, धमकी, सौदा यांपैकी काहीही करू नये. ‘मी येथे आहे’ एवढे दोन-तीनदा म्हणणे पुरे. पोटेगल यांच्या अभ्यासात असेही दिसले की, ज्या त्राग्यात मूल आरंभीच जमिनीवर पडते किंवा पाय आपटते, तो बहुधा लवकर आटोपतो. तेव्हा जमिनीवर पडलेल्या मुलास ओढून उभे करण्याची घाई नको.

उरलेल्या वर्गास रिकामे ठेवू नये. मोठ्या मुलीकडे गाणे सोपवावे किंवा सर्वांना चित्र काढावयास सांगावे. प्रेक्षक नाहीसे झाले की त्राग्यास खतपाणी मिळत नाही, आणि त्या मुलाची अब्रूही राखली जाते. एकशिक्षकी शाळेत हे कठीण आहे यात शंका नाही. म्हणूनच अशा प्रसंगी काय करावयाचे, हे वर्गाला आधीच शिकवून ठेवावे.

७. त्रागा ओसरल्यानंतर

खरे शिक्षण येथून सुरू होते. मुसमुसणाऱ्या मुलास पाणी द्यावे, तोंड धुवावयास न्यावे. ते जवळ येऊ पाहत असेल, तर येऊ द्यावे. कुशीत घेतल्याने मूल लाडावते, ही भीती अनाठायी आहे. त्याने मागितलेली वस्तू त्यास दिलेली नाही. फक्त आधार दिला आहे. मग घडलेल्या गोष्टीला शब्द द्यावेत : ‘तुला माळ पुरी करायची होती. मध्येच थांबावे लागले म्हणून राग आला.’ अनेकदा हे शब्द ऐकताच मूल मान डोलावते. उद्या परवा ते शब्द त्याचे स्वतःचे होतात, आणि लाथेची जागा वाक्य घेते.

त्यानंतर सांडलेले मणी त्याच्यासह वेचावेत. ही शिक्षा नव्हे. बिघडलेले नीट करण्याची रीत आहे. मूळ सूचना मात्र मागे घेऊ नये. मणी ठेवावयाचे होते, ते ठेवलेच जावेत. राग येणे गैर नाही, रागाने नियम बदलत नाही, आणि रागावले म्हणून आपले माणूस दुरावत नाही, या तीनही गोष्टी मुलास एकाच प्रसंगातून शिकावयास मिळाल्या पाहिजेत. झालेल्या प्रकाराचा पुन्हा उल्लेख करून दुसऱ्या दिवशी त्यास टोचू नये.

८. घराशी संवाद

मराठवाड्यातील व अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक गावांत दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात आणि मूल आजीजवळ राहते. अशा मुलांचा त्रागा त्या दिवसांत वाढलेला दिसला, तर त्याचे कारण शोधावयास दूर जावयास नको. तेथे शिक्षक व आजी यांच्यात पुढील प्रकारचे बोलणे होऊ शकेल :

“गुरुजी, पोरगं लई लाडावलंय म्हनत्यात समदी. पर मी काय करू? आई-बाप तोडीला गेल्यात. ते लोळाया लागलं की माझा जीव ऱ्हात न्हाई. मग देते हातावर पैसं.”

“आजी, देण्यात वाईट काही नाही. पण आधी नाही म्हणायचं आणि तो लोळला की द्यायचं, एवढं टाळा. द्यायचंच असेल तर मागितल्याबरोबर द्या. नाही म्हटलंत तर मग लोळला तरी नाहीच.”

“म्हंजी लोळल्यानं मिळतं, ह्ये मीच शिकवलं म्हना की त्याला.”

“एकट्या तुम्ही नाही, आजी. शाळेत आमच्याही हातून तेच झालं. आता दोघांनी एकच रीत ठेवू. आणि रात्री निजताना त्याच्याशी आई-बापाबद्दल बोलत जा. नाव काढलं की रडेल म्हणून टाळू नका.”

या संवादात शिक्षकाने आजीस दोष दिलेला नाही, हे लक्षात घ्यावे. पालकास दोषी ठरविले की तो शाळेत येणे सोडतो, आणि घरी गेल्यावर मुलालाच मार बसतो. घर व शाळा यांची रीत एक असणे, हे कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक फलदायी आहे.

९. वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

बहुतेक त्रागे वयाबरोबर ओसरतात. परंतु काही चिन्हे दिसल्यास वेळ दवडू नये. त्रागे वारंवार पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ चालणे; दिवसातून अनेकदा व पुष्कळ दिवस होत राहणे; मुलाने स्वतःस चावणे, डोके आपटणे किंवा दुसऱ्यास मुद्दाम इजा करणे; शांत होण्यास नेहमीच दुसऱ्याची मदत लागणे; किंवा वय वाढत असता त्रागे कमी न होता वाढणे, ही ती चिन्हे होत. हाक मारली असता न वळणाऱ्या, उशिरा बोलू लागलेल्या मुलाचे कान प्रथम तपासून घ्यावेत. ज्यास ऐकू येत नाही, त्यास जग सतत अनपेक्षित धक्के देत असते.

काही लहान मुले रडता रडता श्वास रोखतात, निळी पडतात व क्षणभर शुद्ध हरपतात. हा प्रकार पाहणाऱ्यास भयंकर वाटतो. पण तो बहुधा आपोआप थांबतो. मुलास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, गदागदा हलवू नये, आणि नंतर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. अशा मुलांपैकी अनेकांच्या रक्तात लोहाची उणीव आढळते व ती भरून काढल्याने गुण येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याखाली शाळेत व अंगणवाडीत मुलांची तपासणी करण्यास पथक येते, त्या वेळी शिक्षकाने आपली नोंदवही त्यांच्यापुढे ठेवावी. ‘मूल चिडखोर आहे’ या एका वाक्यापेक्षा वार, वेळ व प्रसंग यांची नोंद डॉक्टरांस कितीतरी उपयोगी पडते.

१०. शिक्षकाचे मन

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. मुलाच्या त्राग्याने शिक्षकही अस्वस्थ होतो. वर्ग आपल्या हातून निसटत आहे, शेजारचे ऐकत आहेत, एवढेसे मूल आपला अवमान करीत आहे, अशी भावना त्याच्या मनात उठते, आणि त्याचीही छाती धडधडू लागते. हे स्वाभाविक आहे. अशा वेळी दोन दीर्घ श्वास घेऊन मग मुलाकडे वळावे. त्या खोलीत ज्याच्या मेंदूची वाढ पुरी झाली आहे असा एकच मनुष्य आहे, आणि तो शिक्षक. मुलापाशी जो संयम अद्याप नाही, तो काही काळ त्यास उसना द्यावा लागतो. असे उसने वारंवार मिळाले, म्हणजेच मुलाच्या ठायी स्वतःचा संयम तयार होतो. तो उपदेशाने येत नाही.

मण्यांची वाटी भिरकावणाऱ्या त्या मुलाला त्या दिवशी दोन शाळा भेटू शकतात. एका शाळेत राग आला की मार बसतो. ती शाळा त्यास नकोशी होते, आणि तिसरी-चौथीपर्यंत त्याचे नाव हजेरीपत्रकावर राहिले तरी मूल ओढ्याकाठी किंवा गुरांमागे आढळते. दुसऱ्या शाळेत राग आला असता कोणीतरी जवळ बसते, नंतर सांडलेले मणी वेचू लागते, आणि अपुरी माळ फळीवर जपून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल प्रथम त्या फळीकडे जाईल. तेथे माळ असली, तर शाळेवर त्याचा विश्वास बसण्यास तेवढे पुरेसे आहे.